एमएस्सी झालेल्या मुली जातात कुठे?

बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी पेपरात एक मथळा हमखास असतो, "यंदाही मुलींचीच बाजी!" खाली पेढा भरवतानाचा फोटो. आई पदर सावरत हसतेय, बाबांच्या चेहऱ्यावर न मावणारा आनंद. मला हे फोटो बघायला फार आवडतात, अगदी निरखून बघते मी. पण मैत्रिणींनो, एक प्रश्न मनातून जात नाही. या मथळ्याचा पुढचा भाग कधी छापून का येत नाही? दहा वर्षांनी यातल्या मुली कुठे होत्या, काय करत होत्या, हे कोणी सांगतच नाही.

थोडे आकडे देते. कंटाळू नका, दोनच महत्त्वाचे आहेत. केंद्र सरकार दरवर्षी उच्च शिक्षणाची पाहणी करतं. 2021-22 च्या पाहणीनुसार देशात विज्ञान शाखेत शिकणारे साधारण 57 लाख विद्यार्थी होते आणि त्यात मुली होत्या 29.8 लाख. म्हणजे निम्म्याहून जास्त! विज्ञान हा मुलांचा प्रांत आणि गृहविज्ञान मुलींचा, असं मानणारी पिढी आपण डोळ्यांनी पाहिली आहे. त्या मानाने हा केवढा मोठा पल्ला. आता दुसरा आकडा. देशातल्या संशोधकांमध्ये स्त्रिया किती? 2018 च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे शंभरात जेमतेम अठरा-एकोणीस. वर्गात शंभरात बावन्न आणि प्रयोगशाळेत अठरा. मग मधल्या चौतीस गेल्या कुठे?

याचं उत्तर शोधायला आयोग नेमायला नको. आपल्या गल्लीतून एक चक्कर मारली तरी पुरे. आमच्याच गल्लीत फिजिक्सची एमएस्सी आहे, ती सकाळ-संध्याकाळ दहावीच्या शिकवण्या घेते. मायक्रोबायोलॉजीची एमएस्सी आहे, ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढून घेण्याचं काम करते, पगार विचारू नका. बॉटनीवाली तर पहिल्या वर्गात आलेली, तिच्या गच्चीवरची बाग मात्र बघण्यासारखी आहे. शिकवणीला किंवा लॅबमधल्या कामाला मी कमी लेखत नाही हं. पण ज्या कामासाठी सरकारने, आईबापाने आणि त्या मुलीने स्वतः सतरा-अठरा वर्षं घातली, ते काम तिला मिळालंच नाही, हे तर खरं ना? मी स्वतः कलाशाखेची, मराठी घेऊन बीए. सोडियम आणि खायचा सोडा यांचं नातं मला आजही सांगता येणार नाही. पण जमाखर्च कळतो. पेरणीला एवढा खर्च करायचा आणि काढणीच्या वेळी शेताकडे फिरकायचंच नाही, हा व्यवहार कुठल्या शेतकऱ्याला परवडेल?

"अहो, लग्न होतं, मूल होतं, सुटतं मग." हे उत्तर आपण इतक्या सहज देतो की पुढे कोणी विचार करायची गरजच उरत नाही. सासरचे लोक, नवऱ्याची बदली, मुलाचं आजारपण, हे सगळं असतंच, मी नाकारत नाही. पण 2010 मध्ये भारतीय विज्ञान अकादमी आणि बंगलोरच्या एनआयएएस या संस्थेने मिळून एक अहवाल काढला. शास्त्राचं उच्च शिक्षण घेतलेल्या स्त्रिया गळतात किती आणि का, हाच त्याचा विषय. आपल्या पुण्याच्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले त्या अभ्यासात होत्या. (ऑक्टोबर 2024 मध्ये त्या गेल्या. स्त्री शास्त्रज्ञांच्या आयुष्यांवरचं 'लीलावतीज् डॉटर्स' हे 2008 चं पुस्तक त्यांनी सहसंपादित केलं होतं.) त्या अहवालात घरच्या अडचणींपेक्षा एक कारण ठळकपणे पुढे आलं, हवी ती नोकरीच मिळाली नाही. म्हणजे बाई घरात बसते ती दर वेळी घराने ओढून घेतली म्हणून नाही. बाहेर दारच उघडलं नाही, म्हणूनही बसते. आणि मग आपण सगळे म्हणतो, संसारात रमली.

आपल्या तालुक्याच्या गावात हे दार म्हणजे काय, ते बघा. एमएस्सी केलं, नेट किंवा सेट झालं, कोणी जिद्दीने पीएचडीही केली. मग कॉलेजात जागा निघते ती तासिका तत्त्वावर. जेवढे तास शिकवाल तेवढ्याचे पैसे. दिवाळीच्या सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या काळाचे नाहीत, मे महिन्याचे तर नाहीतच. मानधन दर महिन्याला येईल याचीही खात्री नाही, तीन-चार महिन्यांचं एकदम येतं. बाळंतपण आलं तर पुढच्या जूनला तुमच्या जागी दुसरं कोणी. पुरुषही यात भरडले जातात, हे मान्य. पण पुरुषाला घरचे म्हणतात, "थांब थोडं, होईल पर्मनंट." बाईला म्हणतात, "एवढ्याशा पैशांसाठी कशाला हा उपद्व्याप?" पगार अर्धवट असला की घरातली पहिली कात्री तिच्या कामाला लागते. नोकरी पक्की, पगार वेळेवर असेल तर हीच सासू नातवाला सांभाळायला आनंदाने बसते, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. म्हणून म्हणते, समानतेचं धोरण शेवटी पैशापाशी आणि नेमणुकीपाशी येऊन थांबतं.

आता सरकार काय करतं ते पाहू. चांगलं आहे ते आधी सांगायला हवं. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ झाली. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल, मुलगी ओबीसी, ईडब्ल्यूएस किंवा एसईबीसी प्रवर्गातली असेल आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असेल, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के सरकार भरतं. आधी निम्मं भरत होतं. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या योजना आधीपासूनच आहेत. या वाढीव सवलतीपोटी 906 कोटींचा भार सरकारने उचलला. हे पाऊल मोठं आहे आणि त्याचं मनापासून स्वागत.

पण फॉर्म भरायला आमच्या मंडळात येणाऱ्या मुलींबरोबर मी बसते ना, तेव्हा 'मोफत' या शब्दाचा खरा अर्थ कळतो. माफ झाली ती फी. विकास शुल्क वेगळं. वसतिगृह वेगळं, मेस वेगळी, डिपॉझिट वेगळं, लॅपटॉप वेगळा, आणि महिन्यातून एकदा घरी यायचं एसटीचं भाडं. अभिमत आणि खाजगी विद्यापीठं या निर्णयात नाहीत, हे कित्येक पालकांना प्रवेश झाल्यावर कळतं. एका कॉलेजने, नाव घेत नाही, एका मुलीच्या वडिलांना सांगितलं, "आत्ता पूर्ण फी भरा, शासनाकडून आली की परत देऊ." ते गृहस्थ ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. घरात मुलाचं आणि मुलीचं असे दोन प्रवेश एकाच वेळी असतील, तर अशा वेळी उसनवारीचे पैसे कोणाच्या फीला जातात, ते तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणजे पैसा आहे, पण वेळेवर नाही. घरातला निर्णय होतो जुलैच्या एका आठवड्यात. प्रवेशाची फेरी लागते, तीन-चार दिवसांत हजर व्हायचं असतं. आणि महाडीबीटीचे पैसे खात्यात दिसतात तेव्हा कधी सत्र संपलेलं असतं, तर कधी वर्ष. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अभियांत्रिकी पदवी-पदविकेच्या मुलींसाठी एआयसीटीईची 'प्रगती' शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 50 हजार रुपये, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. या दोन्हींची माहिती आपल्याकडच्या किती आयांना आहे? जून उजाडायच्या आत उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना ते तपासा. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा याच दोन ठिकाणी.

धोरण मनापासून राबवलं तर काय होतं, याचंही एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. आयआयटींमध्ये मुलींचं प्रमाण जेमतेम आठ टक्क्यांच्या आसपास होतं. 2018 पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या. मुलांच्या जागा कमी केल्या नाहीत, वरच्या वाढवल्या. पहिल्या वर्षी लक्ष्य 14 टक्के, मग 17, आणि 2020 मध्ये 20. दोन-तीन वर्षांत चित्र बदललं. तोवर वर्षानुवर्षं आपल्याला सांगितलं जात होतं की मुलींचा कलच नसतो हो तिकडे! कल होता, पण कोटाचा क्लास लावायला, दोन वर्षं बाहेरगावी ठेवायला आईबापाची तयारी मुलासाठी होती, मुलीसाठी नव्हती. पलीकडे जागा आहे म्हटल्यावर काही घरांनी तीही दाखवली.

प्रवेशाच्या टोकाला आता बरंच काही आहे. मला काळजी आहे ती पंचवीस ते चाळीस या वयाची. पदवी हातात असते, कडेवर मूल असतं आणि अर्ज करायची वयोमर्यादा निघून चाललेली असते. याच वयासाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने 2002-03 मध्ये महिला शास्त्रज्ञ योजना सुरू केली. ज्यांच्या कामात खंड पडला, अशा शास्त्र शिकलेल्या स्त्रियांनी परत यावं, त्यांना संशोधनासाठी पाठ्यवृत्ती आणि खर्चाला पैसे मिळावेत, हा हेतू. पुढे तिला 'किरण' नाव मिळालं, आता ती 'वाइज-किरण' म्हणून ओळखली जाते. यात पीएचडी करण्यासाठी 27 ते 45 वयाच्या स्त्रियांना अर्ज करता येतो. पेटंटच्या कामाचं प्रशिक्षण देणारा एक भागही आहे. मला तर ही कल्पना फार आवडली, कारण ते शिकलेली बाई एखाद्या कंपनीसाठी घरी बसूनही काम करू शकते.

आणखी एक नियम आपल्या लेकीसुनांना जरूर सांगा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमांपासून पीएचडी करणाऱ्या स्त्रीला एकदा 240 दिवसांपर्यंत बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची रजा मिळू शकते, दोन वर्षांची वाढीव मुदत मिळू शकते. आणि लग्नामुळे गाव बदललं तर तिला अर्धवट संशोधन घेऊन दुसऱ्या विद्यापीठात जाता येतं! लग्न ठरलं म्हणून पीएचडी सोडलेल्या तीन मुली मला माहीत आहेत. तिघींपैकी एकीलाही हे कोणी सांगितलं नव्हतं. तिथीपासून बँडपर्यंत सगळ्याची चौकशी झाली होती.

आता दुखणं सांगते. या योजनेचा पैसा घ्यायचा तर एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेने तुम्हाला आपल्याकडे काम करू द्यायला हवं. तिथे प्रयोगशाळा हवी, मार्गदर्शक हवा, संस्थाप्रमुखाचं संमतिपत्र हवं. पुण्या-मुंबईच्या बाईला हे जमेल, रिक्षाने जायचं तर आहे. माझ्या ओळखीतली ऑरगॅनिक केमिस्ट्रीची एक मुलगी, वय 34, सेट झालेली, तिने दोन महिने खटपट केली. सगळ्यात जवळची चालणारी प्रयोगशाळा नव्वद किलोमीटरवर. सकाळी सहाची एसटी, रात्री नऊला परत. मुलगा दुसरीत. तिच्या नवऱ्याने "मी करतो त्याचा डबा" असं म्हटलंसुद्धा. पण एसटीच्या वेळापत्रकापुढे त्याचं काय चालणार? आमच्या गावातल्या कॉलेजात केमिस्ट्रीची लॅब आहे, पण ती बीएस्सीच्या प्रॅक्टिकलपुरती. संशोधन केंद्राची मान्यता नाही, उपकरणं नाहीत. म्हणजे दिल्लीतली योजना स्त्रीसाठी आहे, पण शहरातल्या. कागदावर कुठे तसं लिहिलेलं नाही, पण होतं तसंच. शिवाय ही पाठ्यवृत्ती काही वर्षांपुरती. ती संपल्यावर काय? परत तासिका तत्त्व. बाईला परत आणायचं आणि बसायला खुर्ची द्यायची नाही, याला काय म्हणावं?

कमला सोहोनी आठवतात अशा वेळी. माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या सख्ख्या बहीण. 1933 मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला, तर साक्षात सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला. कमलाबाई हटून बसल्या. मग प्रवेश मिळाला तो अटींवर. वर्षभर परीक्षा बघणार, आणि त्यांच्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये! त्यांनी पुढे 1939 मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली, मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरेवर काम केलं, त्याच संस्थेच्या संचालक झाल्या, आणि उतारवयात ग्राहक चळवळीत अन्नातली भेसळ कशी ओळखायची ते आपल्यासारख्या गृहिणींना शिकवलं. त्यांचं कौतुक करतो आपण, करायलाच हवं. पण मला त्या गोष्टीत दुसरंच दिसतं. दार उघडायला एका बाईला हटून बसावं लागलं. जिच्या घरात वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले होते, तिला ते जमलं. आपल्याकडच्या मुलीने कोणाच्या जिवावर हटून बसायचं? म्हणून नियम हवा, आणि नियमाला पैशाची गाठ हवी.

ही गाठ कशी मारतात, ते ब्रिटनने दाखवलं. तिथे 2005 पासून 'अथीना स्वान' नावाची योजना आहे. जी विद्यापीठं स्त्रियांची भरती, बढती, रजा यांत सुधारणा करतील त्यांना कांस्य, रौप्य, सुवर्ण असे दर्जे द्यायचे. सुरुवातीला कोणी फार मनावर घेतलं नाही. 2011 मध्ये सांगण्यात आलं की ज्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे रौप्य दर्जा नाही, त्याचा आरोग्य संशोधनाच्या मोठ्या निधीसाठी विचार होणार नाही. मग काय, सगळ्यांची धावपळ! 2020 मध्ये ही अट काढली गेली, पण तोवर कामं झाली होती. युरोपीय संघाने तर 2022 पासून, समानतेचा आराखडा नसेल तर विद्यापीठाला संशोधनाचा निधीच नाही, अशी अट घातली.

आपल्या सरकारने 2020 मध्ये त्याच धर्तीवर 'गती' नावाचा प्रकल्प आणला, पहिल्या टप्प्यात तीस संस्था घेऊन. नाव छान आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विज्ञान धोरणाचा जो मसुदा आला, त्यात वय मोजताना जन्मतारीख न बघता संशोधनात घालवलेली वर्षं बघावीत, निवड समित्यांवर किमान तीस टक्के स्त्रिया असाव्यात, अशा चांगल्या गोष्टी होत्या. राष्ट्रीय शिक्षण धोरणात मुलींसाठी 'जेंडर इन्क्लूजन फंड' आहे. कागदावर आपण कुणाला हार जाणार नाही! पण ज्या संस्थेत एकही स्त्री प्राध्यापक नाही, पाळणाघर नाही, तिचं अनुदान या कारणासाठी अडलं, असं मी तरी अजून वाचलेलं नाही.

आपण तालुक्याच्या गावात बसून काय करणार, असं म्हणू नका. मागायचं काय ते नेमकं ठाऊक असलं की मागता येतं. निवडणुकीच्या वेळी 'मुलींना मोफत शिक्षण' अशी फ्लेक्स लागतात, तेव्हा फ्लेक्सवरच्या माणसाला तीन प्रश्न विचारा. मुलींचं वसतिगृह कधी? कॉलेजातल्या रिकाम्या जागा पूर्ण पगारावर कधी भरणार? आणि शिष्यवृत्तीचे पैसे प्रवेशाच्या आठवड्यात कधीपासून मिळणार? मोबाइलवर उत्तर घेऊ नका, लेखी मागा.

आमच्या मंडळाने कॉलेजच्या प्राचार्यांना एक अर्ज दिला आहे. केमिस्ट्री विभागाला विद्यापीठाकडून संशोधन केंद्राची मान्यता मागावी, एवढंच त्यात आहे. सह्या 212, त्यातल्या 19 एमएस्सी झालेल्या बायकांच्या. एवढ्या आहेत आपल्या गावात, हे सह्या गोळा करतानाच आम्हाला कळलं. अर्जाची पोच मिळाली. उत्तर विचारायला आम्ही येत्या सोमवारी जातोय, आणि ती नव्वद किलोमीटरवाली त्या दिवशी शिकवणीला सुट्टी देऊन येणार आहे.